सकाळी हँड, दुपारी गोल: चूक रेफरीची की कायद्याची?

धुऱ्यावरचा बॅक:
परवा आमच्या गावचे खुले फुटबॉल सामने संपले. गाव गडचिरोलीतल्या वडसा-आरमोरी पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं भली आहेत आणि पुढच्या वर्षी त्यांनाच बोलवायचं आहे. धानाची कापणी आटोपली की शाळेमागच्या पडीत जागेवर फक्की मारून मैदान तयार होतं. बांबूचे पोल. एका बाजूला टचलाइनपासून हातभरावर धुरा, म्हणजे शेताचा बांध. पहिलं बक्षीस बोकड.

सकाळच्या सामन्यात आमचा लेफ्ट विंग डीत, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात घुसला. बॉल ढेकळावर आपटून उसळला, त्याच्या कोपराला घासला, त्याने तसाच आत सारला आणि आमच्या दहा नंबरने गोल मारला. शिट्टी. हँड, म्हणजे बॉल हाताला लागल्याचा फाउल. गोल रद्द, आम्ही १-० ने घरी. दुपारच्या सामन्यात रेफरी दुसरे. तसाच उसळलेला बॉल, तसंच कोपर, तसाच पास. गोल दिला!

मी दोघांना मांडवात चहाला बसवून विचारलं. सकाळचे म्हणाले, "मी २०१९ ला शिबिर केलं, तिथे हेच शिकवलं." दुपारचे म्हणाले, "ते २०२१ मध्ये बदललं ना." म्हणजे दोघांचाही कायदा पाठ, फक्त वर्ष वेगळं. भांडायचं तरी कोणाशी?

माझं म्हणणं साधं आहे. रेफरीला शिव्या देऊ नका, दोष कायदा करणाऱ्यांचा आहे. गावच्या सामन्यांपुरता आपला एकच नियम ठेवा: हाताला लागला की हँड. मुद्दाम की चुकून, हात शरीराला चिकटलेला की लांब, ही भानगडच नको.

शिट्टीवाला:
मी जिल्ह्यात सामने खेळवतो, म्हणून राहवत नाही. दुपारचे रेफरी बरोबर, सकाळचे चूक. "दोघंही बरोबर" असं काही नसतं. २०१९ च्या बदलात चुकून हाताला लागलेल्या बॉलवरून गोलची संधी तयार झाली तरी हँड होता, हे खरं. २०२१ पासून सोबत्याने गोल मारला तर तो हँड धरत नाहीत. ज्याच्या हाताला लागला त्यानेच लगेच मारला तरच गोल रद्द. एवढाच फरक आहे. दरवर्षी १ जुलैला नवा कायदा लागू होतो, तो वाचणं हे आमचं काम. इतकी वर्षं वाचलं नाही तर दोष त्या रेफरीचाच.

आणि "हाताला लागला की हँड" हा नियम करून बघाच. पोरं गोलवर बॉल मारणारच नाहीत, बॅकच्या हातावर नेम धरतील. डीत सगळे बॅक हात मागे बांधून पळतील, लग्नातल्या वाढप्यांसारखे.

पाटलाचा बोकड:
वाढपी हात मागे बांधून कधी पाह्यला बापा तुमी? आमच्याकडे तर भाताचं टोपलं घेऊन पळते. 😄

बाकी शिट्टीवाले भाऊ, खरं सांगा. दिवसभर उन्हात सहा-सहा सामने खेळवायचे, पोरांच्या शिव्या खायच्या, अन् हाती काय? एक नारळ, एक शाल अन् पेट्रोलचे पैसे. त्या माणसाने दरसाल नवा कायदा वाचावा म्हणता. काऊन वाचल जी?

कामठीकर:
आमच्या कामठीत गल्लीतलं पोरगंसुद्धा ऑफसाइड बोट दाखवून सांगतं, त्यामुळे मी थोडं वेगळं बोलतो. धागाकर्त्याला वाटतं कायदा सोपा झाला की भांडण मिटेल. मग ११ जून २०२४ आठवा. दोहा, वर्ल्ड कप पात्रता, भारत विरुद्ध कतार. ३७ व्या मिनिटाला आपल्या छांगतेच्या गोलने आपण पुढे. ७३ व्या मिनिटाला आपला कीपर गुरप्रीतने अडवलेला बॉल गोललाइनच्या बाहेर घरंगळला, आपली पोरं थांबली, कतारवाल्याने तो बाहेरून आत ओढला आणि गोल झाला. रेफरीने दिला. २-१ ने हरलो आणि पुढची फेरी गेली.

तिथे कोणता कायदा गुंतागुंतीचा होता? बॉल पूर्ण लाइनपलीकडे गेला की बाहेर, हे तिसरीतल्या पोराला कळतं. सोपा कायदा होता, तरी पोरांची वर्षभराची मेहनत गेली. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीची चूक सुधारणारी सोय, नव्हतं. कॅमेरा पाहिजे, कायदा नाही.

धुऱ्यावरचा बॅक:
कामठीकर, कतारच्या जखमेवर मीठ चोळलंत, पण मुद्दा माझाच केलात. तिथे कायदा सोपा होता म्हणूनच आपण छातीठोक सांगू शकतो की अन्याय झाला. आमच्या सामन्यात मला आजही छातीठोक सांगता येत नाही. शिट्टीवाल्यांनी समजावलं तेव्हा कुठे कळलं की गोल आमचाच होता. म्हणजे हरल्यावर चार दिवसांनी!

आणि कॅमेऱ्याचं म्हणाल तर ३० सप्टेंबर २०२३ चा इंग्लंडमधला टॉटनहॅम-लिव्हरपूल सामना बघा. लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा गोल मैदानावर ऑफसाइड धरून रद्द केला, पण तो ऑफसाइड नव्हता. व्हीएआरच्या खोलीत ते दिसलंही. पण तिथल्या माणसाला वाटलं की मैदानावर गोल दिलाच आहे, म्हणून त्याने "तपासणी पूर्ण" असं सांगून टाकलं. खेळ पुढे सुरू झाला आणि चांगला गोल बुडाला. एवढा खर्च, एवढे पडदे, आणि घोटाळा झाला बोलण्यात. आमच्याकडे तर मांडवात माइकसुद्धा धड चालत नाही.

मुलींच्या मॅडम:
मी शाळेत मुलींचा संघ घेते, चंद्रपूर जिल्ह्यात. तुमचा "हाताला लागला की हँड" आमच्यावर किती पडेल याचा विचार केलात का? जोरात मारलेला बॉल छातीकडे आला की मुली हात छातीशी घेतात. मी नव्या मुलींना तेच सांगते, नाहीतर पुढच्या सामन्याला अर्ध्या येणारच नाहीत. कायद्यात मुलींना वेगळी सूट नाही, पण छातीशी दुमडलेल्या हाताने शरीर मोठं होत नाही, एवढं रेफरीने बघितलं की पुरे. समजदार रेफरी ते बघतात. गेल्या हिवाळ्यात एकाने अशाच हातावर पेनल्टी दिली आणि आमची आठवीतली सेंटर बॅक अख्खी मध्यंतर बाटली घट्ट धरून रडत बसली होती. "मॅडम, मी हात कुठे ठेवू?" एवढंच विचारत होती. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

म्हणून मी कायदा सोपा करण्याच्या विरुद्ध आहे. रेफरीच्या डोक्यातला विचार काढून घेऊ नका.

दोन नंबर जर्सी:
मॅडमचं पटलं, पण रेफरीच्या विचारावर सोडलं की काय होतं ते केरळवाल्यांना विचारा. ३ मार्च २०२३, आयएसएलचा (इंडियन सुपर लीगचा) बाद फेरीचा सामना, बंगळुरू विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. जादा वेळेत बंगळुरूच्या छेत्रीने समोर बचाव करणाऱ्यांची भिंत लागायच्या आत फ्री किक मारली, रेफरीने गोल दिला, केरळचा संघ मैदान सोडून गेला. नंतर चार कोटींचा दंड. पटकन मारलेली फ्री किक चालवायची की थांबवायची, हे रेफरी जागेवर ठरवतो. कोणी चालवतो, कोणी पुन्हा घ्यायला लावतो. खेळणाऱ्याने ओळखायचं कसं?

आमच्या तालुक्यात असं झालं असतं तर दंड सोडा, बोकडच सोडून नेला असता लोकांनी.

शिट्टीवाला:
मारणाऱ्याने अंतर (समोरच्यांना मागे हटवा असं) मागितलं नसेल तर तो पटकन मारू शकतो. मागितलं असेल तर शिट्टीची वाट बघायची. भिंत लावायला वेळ मिळणं हा बचाव करणाऱ्यांचा हक्क नाही, हेच मुळात लोकांना माहीत नसतं. अर्धी भांडणं न वाचलेल्या कायद्यावर होतात.

मात्र एक कबूल करतो. वाईट कायदे असतात. गोलकीपरने बॉल सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात धरू नये, हा नियम कित्येक वर्षं होता. शिक्षा काय? डीतच अप्रत्यक्ष फ्री किक. ती दिली की अकरा जण गोललाइनवर उभे आणि मैदानावर बाजार. शिक्षा जडच एवढी की कोणीच देत नव्हतं. मीही कधी दिली नाही. १ जुलै २०२५ पासून आठ सेकंद आणि शिक्षा कॉर्नरची. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांनी मोजतो. परवाच्या एका अंतिम सामन्यात मी हात वर केला तर मेंढराच्या कळपासारखं अख्खं गाव माझ्यासोबत मोजायला लागलं. पाच, चार, तीन... कीपर तरी बॉल छातीशी धरून उभाच. कॉर्नर दिला. तो बॉलवरच बसला आणि म्हणाला, "सर, असा नियमच नाय!" पण गावाने मोजलं होतं ना, एकानेही त्याची बाजू घेतली नाही.

धुऱ्यावरचा बॅक:
बघा, हाच माझा मुद्दा तुमच्या तोंडून आला! सगळ्यांना दिसेल, मोजता येईल असा नियम केला तर गाव मानतं.

पण असे नियम ठरवतं कोण? १८८६ मध्ये लंडनमध्ये बसलेलं मंडळ. चार ब्रिटिश संघटनांचं एकेक मत, फिफाची चार, सहा पडली की बदल. आमच्या पडीतल्या मैदानाचं त्यांना काय पडलंय? ढेकळावर आपटलेला बॉल कुठेही उसळतो हे त्यांच्या गालिच्यासारख्या गवतावर कधी कळणार?

शिट्टीवाला:
त्यांनी गावासाठी सवलती ठेवल्या आहेत. मैदान लहान करा, वेळ कमी करा, बदललेला खेळाडू परत आत घ्या, हे सगळं गावपातळीवर कायद्यातच चालतं, वरच्या संघटनेने मान्यता दिली की झालं. हँड मात्र त्या यादीत नाही.

पाटलाचा बोकड:
मंग ढेकळं फोडा ना जी! कायदा बदलायले लंडनले जाण्यापेक्षा सामन्याच्या आदल्या दिवशी रोलर फिरवा. ग्रामपंचायतीजवळ हाय.

धुऱ्यावरचा बॅक:
रोलर मागितला होता. डिझेल तुम्ही टाका म्हणाले.

ठीक आहे, "हाताला लागला की हँड" मागे घेतो. मॅडमच्या सेंटर बॅकसाठी. पण पुढच्या वर्षी पहिल्या सामन्याच्या आधी सगळे रेफरी, सगळे कॅप्टन मांडवात एकत्र बसतील आणि हँड, कीपर, फ्री किक या तिन्हींवर कोणता कायदा चालणार हे माइकवर सांगितलं जाईल. शिट्टीवाले भाऊ, याल का? शाल, नारळ आणि पेट्रोल पक्कं.

शिट्टीवाला:
येतो. नारळ नको, आधीचे पाच पडून आहेत. त्या सकाळच्या रेफरींनाही बोलवा. त्यांना वगळून बैठक घेतली तर ते पुढच्या गावी २०१९ चाच कायदा चालवतील.

नवीन पोरगा:
मधेच विचारतो, राग मानू नका. आमच्या गावात थ्रो-इनवर ऑफसाइड देतात. ते बरोबर आहे का?

शिट्टीवाला:
नाही. कोणी दिला? नंबर पाठव त्यांचा.