बॉटल पाम खरंच संपत आलाय का?

कुंडीवेडी: नर्सरीत बॉटल पामची रोपं रांगेने ठेवलेली दिसतात आणि काल वाचलं की हे झाड जगातून नामशेष व्हायला आलंय. इतकी रोपं विकायला आहेत तर संपतंय कसं? गच्चीत मोठ्या कुंडीत एक लावायचंय, घेऊ की नको?

रानवारा: दोन्ही खरं आहे. याचं मूळ घर म्हणजे मॉरिशसच्या उत्तरेचं राउंड आयलंड, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीचं बेट, आणि आपणहून हे फक्त तिथेच उगवतं. १९व्या शतकात माणसांनी तिथे शेळ्या आणि ससे सोडले, त्यांनी वर आलेलं रोपटं न् रोपटं खाल्लं, झाडोरा गेला तशी मातीही पावसाबरोबर समुद्रात गेली. जुनी झाडं बिया टाकत होती पण मोठं एकही होईना, शेवटी रानात बोटांवर मोजण्याइतकी झाडं राहिली. १९७९ पर्यंत शेळ्या काढल्या, १९८६ मध्ये ससे, तेव्हा कुठे रोपं तग धरायला लागली. पूर्वी झाडपाला चरून बिया पसरवण्याचं काम मॉरिशसची मूळची कासवं करायची, ती कधीच संपलीत, त्यांच्या जागी २००७ पासून सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटांवरची मोठी कासवं नेऊन सोडली. मला हे सगळं काम फार मोठं वाटतं.

पामवाला: घेताना एक बघा, आपल्याकडे बरेच जण रॉयल पामलाच बॉटल पाम म्हणून देतात, तो क्यूबाकडचा, इमारतीएवढा वाढतो, कुंडीत काय करणार त्याचं! खऱ्याचं खोड बुडाशीच फुगतं, उंची तीनचार मीटर, आणि मोठ्या झाडालाही पानं चारसहाच, त्यामुळे माळ्याला हिरवं पान कापू देऊ नका. जुन्या पानावर पिवळे-केशरी ठिपके आले तर पोटॅश कमी पडतंय, तरी ते पान ठेवा, नवं पान त्यातूनच पोटॅश घेतं.

कुंडीवेडी: थँक्यू दोघांना! मग पुढे बिया आल्या तर त्या तिकडे पाठवता येतील का?

रानवारा: नाही हो, शेजारी स्पिंडल पाम असला की संकर होतो, तो रॉड्रिग्ज बेटावरचा, याचाच भाऊबंद आणि तितकाच धोक्यात. बागेतलं बी शुद्ध आहे का हे नुसतं बघून कळत नाही, आणि बेटावर तिथल्याच झाडांचं बी लागतं. बाहेरचं बी, किडे जाऊ नयेत म्हणून तिथे उतरणाऱ्यांचं सामानसुद्धा तपासतात. रोप मात्र खुशाल घ्या, नर्सरीतली रोपं बागेतल्या झाडांच्या बियांचीच असतात. मदत करावीशी वाटली तर मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या बेटावर काम करतं, त्यांना देणगी द्या.