शब्दचर्चा: ‘शेअर्ड स्टोरेज’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (रत्नागिरी): आमच्या संस्थेत तीन होस्टचा (सर्व्हरचा) व्हीएम क्लस्टर उभा राहतोय, म्हणजे तिन्ही होस्ट मिळून व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवणार. तो सांभाळणाऱ्या मुलांसाठी मी मराठीत माहितीपत्रक लिहितेय. ‘शेअर्ड स्टोरेज’ला मी ‘सामायिक साठा’ लिहिलं. कुणी ‘वाटून घेतलेली साठवण’ सुचवतंय, कुणी ‘सामाईक’. काय ठेवू?

उत्तर (चिपळूण): ताई, ‘वाटून घेतलेली’ नकोच. वाटणी झाली की ज्याचा त्याचा तुकडा वेगळा. इथे उलट हवंय. व्हीएमची डिस्क प्रत्येक होस्टला दिसली पाहिजे. म्हणूनच चालू व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवताना मेमरी तेवढी जाते, डिस्क जागची हलत नाही.

‘सामाईक’ मला अगदी नेमका वाटतो. आपल्याकडे सातबाऱ्यावर एकाच जमिनीला ढीगभर नावं असतात, कुणाचा बांध कुठे ते आखलेलं नसतं, आणि इतरांना न विचारता कुणी काही केलं की तंटा होतो. आयस्कझीने (नेटवर्कवरून अख्खी डिस्क देण्याची पद्धत) दिलेल्या लनचं, म्हणजे तशा डिस्कचं, तसंच आहे. तो दोन होस्टांनी एक्स्ट-फोर या साध्या फाइलसिस्टिमने (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एकाच वेळी माउंट केला, म्हणजे वापरायला जोडला, तर दोघेही स्वतःला एकटा मालक समजून लिहितात आणि फाइलसिस्टिम नासते. त्यासाठी व्हीएमएफएस, जीएफएस-टू, ओसीएफएस-टू यांसारखी, एकमेकांचे लॉक (‘इथे मी लिहितोय’ अशी खूण) पाळणारी फाइलसिस्टिम लागते. एनएफएसमध्ये (नेटवर्कवरून फोल्डर देण्याची पद्धत) मात्र फाइलसिस्टिम सर्व्हरच्या ताब्यात, लॉकही तोच सांभाळतो. तेव्हा पत्रकात एनएफएसला ‘सामाईक फोल्डर’ आणि आयस्कझीला ‘सामाईक डिस्क’ असं वेगवेगळं लिहा. दोन्हींना एकच नाव दिलंत तर मुलं लनसुद्धा फोल्डरसारखा वापरायला जातील, आणि मग डेटा परत मिळणं कठीण.

प्रतिसाद (कुडाळ): ‘सामायिक’ चूक नाही, प्रवेश परीक्षेच्या नावात तोच आहे. पण जमीन, विहीर, भिंत म्हटली की तोंडात ‘सामाईक’च येतं, तोच ठेवावा. ‘साठा’ मात्र बदला. साठा तांदळाचा, म्हणजे साठवलेल्या मालाचा. जागेसाठी ‘साठवण’.

प्रश्नकर्ती: पटलं. ‘कोरम’ आणि ‘फेन्सिंग’चं काय करू?

उत्तर (चिपळूण): कोरमला ग्रामसभेतला ‘गणपूर्ती’ तयारच आहे, अर्थही तोच. तीन होस्टांत दोघांची गणपूर्ती. नेटवर्क तुटून एकटा पडलेल्या होस्टने व्हीएम चालवत राहू नयेत, नाहीतर त्याच डिस्कवर दोन्हीकडून लिहिलं जाईल. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हीएम चालवणारी प्रणाली) एचए, म्हणजे होस्ट पडला तर त्याचे व्हीएम दुसऱ्यावर आपोआप सुरू करणारी सोय, लावलं असेल तर असा होस्ट साधारण मिनिटभरात स्वतःच रीस्टार्ट होतो. फेन्सिंगला ‘कुंपण’ म्हणू नका. बिघडलेल्या होस्टची वीज किंवा साठवणीकडे जाणारी वाट तिथे तोडतात. ‘तोडणं’ लिहा.

आणि कळकळीने सांगतो, ‘सामाईक’ म्हणजे ‘दुसरी प्रत’ नव्हे, हे ठळक अक्षरात छापा. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी आमच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पाण्यात तळमजल्यावरचा स्टोरेज बॉक्स गेला, तर वरच्या मजल्यावरचे तिन्ही होस्ट धड असूनही एकही व्हीएम उठणार नाही. बॅकअप दुसऱ्या इमारतीत, जमल्यास दुसऱ्या गावात.

प्रश्नकर्ती: दादा, मजकूर असा केलाय: ‘सामाईक साठवण: सर्व होस्टना एकाच वेळी दिसणारी, न वाटलेली जागा. सामाईक डिस्कवर क्लस्टरची फाइलसिस्टिम असल्याशिवाय दोन होस्टांवर माउंट करू नये. हा बॅकअप नाही.’

प्रतिसाद (कुडाळ): ‘न वाटलेली’ऐवजी ‘अविभक्त’ करा. बाकी छापायला हरकत नाही.