तीन टिंबं नक्की कुठे द्यायची? मदत हवी आहे

मंडळी, प्रश्न फालतू वाटेल पण माझी खरंच पंचाईत झालीय. मेसेज लिहिताना जवळपास प्रत्येक वाक्याच्या शेवटी टिंबं टाकायची सवय आहे मला... कधी लागली ते आठवत पण नाही... परवा टीममधल्या एका नवीन मुलीने काम पाठवलं, मी लिहिलं "ठीक आहे... उद्या बोलू..." आणि ती बिचारी रात्रभर टेन्शनमध्ये, की सर चिडलेत, काहीतरी मोठं चुकलंय. अरे, मला फक्त ठीक आहे आणि उद्या बोलू एवढंच म्हणायचं होतं!! नुसता पूर्णविराम दिला की मला ते दार आपटल्यासारखं वाटतं म्हणून मी टिंबं देतो... आता ती दोन पडतात का पाच, ते बोट किती वेळ दाबलं जातं त्यावर.

त्यात एक अहवाल लिहायला घेतलाय, दुसऱ्याच्या मजकुरातली लांबलचक वाक्यं मधलं गाळून द्यायची आहेत. तिथे टिंबं किती, स्पेस द्यायची का, वर परत पूर्णविराम पण का? कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १:
त्याला लोपचिन्ह म्हणतात. नावातच आलं बघा, काहीतरी लोपलेलं असेल तरच ते द्यायचं. टिंबं तीनच, भावना कितीही दाटून आल्या तरी तीनच. बोलणारा अडखळला किंवा वाक्य अर्धवट सोडलं, "तू आधी सांगितलं असतंस तर..." इथे ते शोभतं. शब्दाला चिकटवून टिंबं, मग स्पेस, मग पुढचं. दुसऱ्याने मध्येच तोडलं असेल तर मात्र टिंबं नकोत, तिथे अपसारणचिन्ह, म्हणजे डॅश. आणि "वगैरे..." लिहू नका हो, वगैरे म्हटल्यावर अजून काय राहिलं?
तुमच्या पोस्टमध्ये त्या मेसेजमधली सोडून तीन ठिकाणी टिंबं आहेत. तिन्ही काढून वाचा, अर्थ तसूभर हलत नाही.

प्रतिसाद २:
अहवालाबद्दल. मधलं गाळताना टिंबांच्या दोन्ही बाजूंना स्पेस द्या, आणि मूळ लेखकाची स्वतःची टिंबं असतील तर तुमची चौकटी कंसात टाका [...] म्हणजे कुणी काय गाळलं ते कळतं. इंग्रजीत काही ठिकाणी वाक्य संपल्यावर पूर्णविराम धरून चार टिंबं देतात, त्यावरून गोंधळ होतो. मराठीत तीनवर भागतं, फक्त सगळीकडे एकच पद्धत ठेवा.
पण खरी भानगड टिंबांची नाहीच, काय गाळता त्याची आहे. मूळ वाक्य "हा पूल सुरक्षित आहे असं म्हणायला पुरावा नाही" आणि तुम्ही दिलंत "हा पूल सुरक्षित आहे..." तर चिन्ह अगदी बरोबर आणि माणूस लबाड. वाक्यातला "नाही", "जर", "कदाचित" कधी टिंबांखाली पुरू नका.

प्रतिसाद ३:
एक टेक्निकल भर. वर्ड तीन टिंबं टाइप केली की आपोआप त्यांचं एकच अक्षर करतं (युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, त्याला वेगळा क्रमांक आहे, यू+२०२६). दिसायला सारखंच, पण शोधताना दोन्ही वेगळी धरली जातात, मी एकदा अख्खी फाइल साफ केली असं समजून बसलो होतो आणि अर्धी तशीच. इंग्रजी एसएमएसमध्ये तर ते एक अक्षर आलं की एका मेसेजची मर्यादा १६० अक्षरांवरून ७० वर येते. मराठीत तशीही ७० च असते म्हणा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. टिंबं काढून वाचलं, पटलं. वाक्य संपवायची हिंमत होत नाही म्हणून मी टिंबं देत होतो बहुतेक. आज तिला मुद्दाम मेसेज केला, "काम छान झालंय. दोन छोटे बदल आहेत, ते उद्या सांगतो." दोन पूर्णविराम, टिंब एकही नाही.
तिचं उत्तर आलं, "ओके सर..."
आता हिचं काय राहिलंय सांगायचं?