‘गावच्या पोरांना घमेलं नको’ या पोस्टला माझं उत्तर

घणसोलीचा सुपरवायझर:

परवा सोसायट्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: नवी मुंबईतले टॉवर बाहेरच्या मजुरांनी उभे केले, गावठाणातल्या पोरांना घमेलं उचलायला नको, त्यांना बुलेट आणि रेती-खडीचा सप्लाय हवा, म्हणून ‘साइटवर स्थानिकांना काम द्या’ ही मागणीच खोटी. खाली ढिगाने अंगठे. दोन दिवस गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

मी २००३ पासून साइटवर आहे. बारावी नापास, आज शटरिंगचा, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यांचा, सुपरवायझर. घरामागे एका टॉवरचं पायलिंग सुरू झालं तेव्हा मी आठवडाभर रोज सकाळी गेटवर जाऊन उभा राहायचो. वॉचमन हाकलायचा. साइटवरचा बंगालमधल्या मालद्याचा एक म्हातारा कारपेंटर आमच्या ओट्यावर पाणी प्यायला यायचा. आईने त्याला दोनदा बोंबलाचं कालवण वाढलं, तिसऱ्या दिवशी तो माझा हात धरून आत घेऊन गेला. पहिले दोन महिने मी फक्त खिळे सरळ केले. जुन्या प्लायमधून उपसलेले वाकडे खिळे लोखंडाच्या तुकड्यावर धरायचे आणि ठोकायचे, बोटं फुटेपर्यंत. मग त्याने ओळंबा हातात दिला. कॉलमच्या पेटीपासून दोरी वर किती लांब, खाली किती लांब, दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. वारा असला की तो ओळंब्याचं वजन पाण्याच्या डब्यात बुडवायचा, म्हणजे दोरी डुलायची थांबते. हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नाही. त्या माणसाची मर्जी झाली म्हणून मी शिकलो.

आज गेटवर उभ्या राहणाऱ्या पोराला कोण आत घेणार? भरती कंपनी करत नाही. कंपनीखाली ठेकेदार, त्याच्याखाली लेबर कॉन्ट्रॅक्टर, त्याच्याखाली मुकादम. मुकादम गावाकडे उचल देऊन टोळी बांधतो आणि कॅम्पात आणून ठेवतो. शटरिंगचे पैसे झालेल्या कामाच्या मापावर मिळतात. नवखा पोरगा टोळीत घातला की माप कमी भरतं आणि ते पैसे मुकादमाच्या खिशातून जातात. मग तो कशाला शिकवेल? यात आळसाचा प्रश्न येतोच कुठे?

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. मी काम केलेल्या सात साइटवर ऑफिसच्या कंटेनरात एखादा बसलेला पाहिला. टोळीत एकही नाही.

माझं मागणं एवढंच: सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, देतानाच अट घाला की या इमारतीवर इतकी इथली पोरं टोळीत शिकतील. आणि शिकवणाऱ्या मुकादमाचं नुकसान भरून द्या. बांधकाम खर्चाचा एक टक्का उपकर बांधकाम कामगार कल्याण मंडळासाठी आधीच घेतला जातो. २०० कोटींच्या बांधकामामागे दोन कोटी होतात. पैसा नाही असं कोणी सांगू नये.

आरसीसी खारघर:

दादा, तुमच्या कष्टाचा मान ठेवून सांगतो, तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. मी छोटा ठेकेदार आहे, मराठीच आहे. तीन वर्षांपूर्वी नगरसेवकाचा फोन आला म्हणून ११ स्थानिक पोरं घेतली. मे महिन्यात हळदी सुरू झाल्या, चार उरले. स्लॅबच्या रात्री काँक्रीटचा पंप दीडला आला, त्या चारांतला एक थांबला. बाकीच्यांच्या आया फोन करत होत्या. मी आर्किटेक्टला काय सांगू, हळद आहे म्हणून स्लॅब मध्येच थांबवून जोड दिला?

आणि खरं कारण सांगतो, जे कोणी लिहीत नाही. जो थांबला त्याच्या पायावर स्लॅबखालचा टेकू, प्रॉप, पडला. हाड मोडलं. मी स्वतः गाडीत घालून नेला, खर्च केला. तरी संध्याकाळी साठ माणसं गेटवर. काम नऊ दिवस बंद. त्यानंतर मी कानाला खडा लावला.

घणसोलीचा सुपरवायझर:

हळदीचं सांगता, मग छठला, होळीला, गावाकडच्या निवडणुकीला तुमचा अख्खा कॅम्प रिकामा होतो त्याचं काय? तेव्हा तुम्ही कामाचं वेळापत्रक पुढे ढकलता. आमच्या पोराने चार दिवस मागितले की तो आळशी.

दुसरं, तुम्ही जे लिहिलंत ते परत वाचा. पाय मोडल्यावर ज्याच्यासाठी साठ माणसं येतात तो तुम्हाला नको. ज्याच्यासाठी कोणीच येत नाही तो हवा. मालद्याच्या त्या म्हाताऱ्याचं बोट कटरमध्ये गेलं होतं. त्याला दोन हजार देऊन गाडीत बसवलं. मी तिथे होतो, काही बोललो नाही, ते आजही टोचतं.

आरसीसी खारघर:

मी कोणाला असं गाडीत बसवलेलं नाही. एकाचं पाप सगळ्यांवर लादू नका.

दास्तान फाटा:

मूळ मुद्दा सोडून काय हळदी-बिळदी चाललंय? ९५ गावांची जमीन गेली. १९७० ला सिडको आली, मिठागरं गेली, भातशेती गेली, खाडी गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला आंदोलनात पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. आमच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील साहेब नसते तर तेही नसते. विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी सुरुंगांनी उडवली. आणि आता आम्ही गेटवर शिकाऊ म्हणून हात जोडून उभं राहायचं? हक्काची नोकरी हवी. मशीनवर, टर्मिनलवर, कायम.

सप्लायवरून बोलणाऱ्यांना सांगतो, रेती-खडी हाच आमच्याकडे उरलेला धंदा आहे. डंपर कर्जावर घेतलाय, हप्ता चुकत नाही.

तुर्भे स्टोअर:

मला एक विचारायचंय. या धाग्यात ‘इथली पोरं’ म्हणजे नक्की कोण?

माझे वडील ७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून आले. पारसिकच्या डोंगराच्या खदानीत दगड फोडला. ज्या खडीवर ही नवी मुंबई उभी आहे ती आमच्या लोकांनी हाताने फोडली. आई डोक्यावरून दगड वाहायची, मला झोळीत बांधून. खदानी बंद झाल्या, आम्ही रोजंदारीसाठी मजूर नाक्यावर आलो. आमचा जन्म इथला, रेशनकार्ड इथलं. साडेबारा टक्के सोडा, घराखालची जागासुद्धा आमची नाही. तुमच्या अटीत आम्ही बसतो की नाही?

दास्तान फाटा:

ताई, तुमचे हाल मला कळतात. पण भूमिपुत्र म्हणजे ज्याची भूमी गेली तो. तुमची जमीन गेली नाही.

तुर्भे स्टोअर:

आमची फुफ्फुसं गेली. वडील पंचावन्नाव्या वर्षी खोकून खोकून गेले. त्याचा सातबारा कुठे असतो?

दास्तान फाटा:

हे भावनिक झालं.

तुर्भे स्टोअर:

तुम्ही १९८४ सांगता तो इतिहास, आणि मी वडिलांचं सांगितलं की भावनिक?

पनवेल लाइन:

दोघांच्या भांडणात एक व्यवहाराची गोष्ट. मी आयटीआय, सर्व्हेअर ट्रेड. २०१९ च्या नियमांत दहावी पास शिकाऊ उमेदवाराला किमान विद्यावेतन ६,००० रुपये, आयटीआयवाल्याला ७,०००. साइटवर साध्या हेल्परला रोज ७०० मिळतात, २६ दिवसांचे १८,२०० झाले. म्हणजे शिकायला गेलो तर हेल्परच्या निम्म्याहूनही कमी. कोण जाईल? २०२४ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत सहा महिने ८,००० वर मी एका सरकारी कार्यालयात होतो. मला थिओडोलाइट, म्हणजे मोजणीत कोन मोजायचं यंत्र, लावता येतं, तिथे मी फायली शिवल्या आणि झेरॉक्स काढल्या. सध्या पार्सल पोचवतो.

आणि ८० टक्के स्थानिकांचं धोरण कोणी पुढे करणार असेल तर ते १९६८ पासूनचं आहे, पण उद्योगांसाठी. इमारतीच्या साइटवर ते चालत नाही. हरयाणाने खासगी नोकऱ्यांसाठी ७५ टक्क्यांचा कायदा केला, तो २०२३ मध्ये हायकोर्टाने रद्द केला. त्यामुळे टक्केवारीच्या मागे लागण्यापेक्षा शिकण्याचे पैसे वाढवून मागा.

कोपरखैरणे सेक्टर ११:

उपकराचा विषय काढलात म्हणून लिहिते. त्या मंडळाकडून भांड्यांचे संच वाटले जातात ना? आमच्या गल्लीत ते कोणाकोणाच्या घरी आलेत ते बघा. एकीचा नवरा बँकेत. एकीचं ब्यूटी पार्लर. विटेला हात न लावलेल्या बायका रांगेत पुढे, आणि माझ्याकडे भांडी घासणाऱ्या मावशी, ज्यांचा मुलगा खरंच सेंट्रिंगवर आहे, त्यांचा अर्ज तीनदा परत. हा पैसा तुम्ही मुकादमाला द्या म्हणता, तो आधी पोचतो कुठे ते बघा.

पनवेल लाइन:

अगदी बरोबर. मंडळाकडे नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो कोण देतं यावर सगळा खेळ.

तुर्भे स्टोअर:

दाखल्याचं मी सांगते. नाक्यावरच्या माणसाचा मालक रोज बदलतो. आज वाशीत टाइल, उद्या नेरुळला भिंत फोडायची. ९० दिवसांचे ९० मालक. कोण सही देईल? ठेकेदार म्हणतो तू माझ्या हजेरीवर नाहीस. महापालिकेत गेलं की म्हणतात ठेकेदाराचं आण. तिकडे एजंट हजार-दीड हजारात दाखला देतो. माझ्या भावाने तसा काढला. हो, पैसे देऊन काढला. पण तो खरंच मजूर आहे.

कोपरखैरणे सेक्टर ११:

म्हणजे तुम्हीच एजंटला पैसे चारता आणि मग व्यवस्था किडली म्हणता.

तुर्भे स्टोअर:

ताई, भांड्यांसाठी नाही काढला. भाची अकरावीला आहे, नोंदणी असली तर तिला शिक्षणाचे पैसे मिळतात. तुम्ही एक दिवस सकाळी साडेसातला नाक्यावर येऊन उभ्या राहा. दहा वाजेपर्यंत कोणी नेलं नाही तर माणसं डबा तिथेच बसून खातात आणि घरी जातात. मग मला पैसे चारण्याबद्दल शिकवा.

आरसीसी खारघर:

दाखल्यावरून ठेकेदारांना धरता, तर ऐका. मी एकदा माणुसकीने सह्या दिल्या, पुढच्या महिन्यात दीडशे अनोळखी माणसं दारात. खोट्या सहीखाली माझं नाव राहतं. त्यावर उपाय आहे, हजेरीचं मशीन. गेटवर बोट लावलं की दिवस नोंद व्हावा आणि तो सरळ मंडळाकडे जावा. पण ते कोणाला नको. एजंटलाही नको आणि दाखला विकत घेणाऱ्यालाही नको.

दास्तान फाटा:

ठेकेदारांनाही नको. खरी माणसं मोजली जातील.

आरसीसी खारघर:

काहींना नको. मला चालेल.

सानपाड्याचा माथाडी:

एवढं भांडण्यापेक्षा आमच्याकडे बघा. १९६९ चा माथाडी कायदा आला तो टोळीला धरून. माझे वडील साताऱ्याहून आले, पाठीवर पोती वाहिली. अण्णासाहेब पाटलांच्या मागे उभं राहून बोर्ड मिळाला. टोळी नोंदवली, मजुरी बोर्डातून, त्यातच फंड आणि दवाखाना. मालक रोज बदलला तरी फरक पडत नाही. नाका कामगारांना हेच हवं. तुर्भेच्या ताईंचा ९० मालकांचा प्रश्न यानेच सुटेल.

आरसीसी खारघर:

माथाडीच्या नावाखाली गेटवर गाडी अडवून न केलेल्या कामाचे पैसे मागणारेही मी पाहिलेत. बांधकामात दुसरं ते नको.

सानपाड्याचा माथाडी:

ते माथाडी नव्हेत, खंडणीवाले. त्यांच्याविरुद्ध आम्हीच ओरडतोय. आमच्या पाठीवरचे घट्टे बघून बोला.

घणसोलीचा सुपरवायझर:

मी सगळं वाचलं. माझंही चुकलं ते लिहितो. ‘इथली पोरं’ लिहिताना माझ्या डोळ्यासमोर गावठाणातलीच पोरं होती. तुर्भे स्टोअरची, दिघ्याची नव्हती. ताई, तुम्ही विचारल्यावर कळलं. पोरगा या शहरात राहतो एवढंच धरावं, सातबारा मागू नये. दास्तान फाट्याच्या भाऊंना हे पटणार नाही, पण माझ्या आजोबांचीही जमीन गेली आहे आणि तरी मी हे म्हणतोय.

पनवेलच्या पोराचं विद्यावेतनाचं गणितही मला माहीत नव्हतं. ६,००० वर मी माझ्या भाच्याला पाठवणार नाही, मग दुसऱ्याच्या पोराला कसं सांगू? हेल्परचा रोज मिळालाच पाहिजे. वरचे पैसे उपकरातून द्या.

पण मूळ मुद्दा मी सोडत नाही. दार नाही. पोरं आळशी आहेत की कष्टाळू, हे दार उघडल्याशिवाय कोणी ठरवू नये.

दास्तान फाटा:

पटलं नाही. पण हेल्परचा रोज आणि वर शिकणं, एवढं असेल तर माझ्या पुतण्याला विचारतो. डंपरवर तिघे भाऊ आहेत, तिघांचं पोट त्यावर चालत नाही, हे खरं आहे.

आरसीसी खारघर:

मी वाद घालतो म्हणून मला पोरं नकोत असं नाही. खांदेश्वरला पुढच्या महिन्यात माझं एक छोटं काम सुरू होतंय, तळमजला अधिक सात. दोन पोरं पाठवा. रोज देईन, विद्यावेतन-बिद्यावेतन नाही. पहिल्या दिवसापासून नाव हजेरीला. तीन महिने माझ्या जुन्या कारपेंटरच्या हाताखाली, त्याचं माप बुडेल ते मी बघतो. स्लॅबच्या रात्री थांबावं लागेल, आईला आधी सांगून यायचं. आणि काही लागलं-खुपलं तर आधी मला फोन, गेटवर माणसं नंतर.

घणसोलीचा सुपरवायझर:

भाचा येईल. दुसरा तुर्भेचा घ्या.

तुर्भे स्टोअर:

मुलगी चालेल का? माझी चुलत बहीण, २४ वर्षांची, सहा वर्षं घमेली वाहतेय.

आरसीसी खारघर:

हेल्पर म्हणून कधीही चालेल. शटरिंगला बायका घेत नाहीत, परांचीवर चढावं लागतं.

तुर्भे स्टोअर:

घमेलं डोक्यावर घेऊन ती रोज परांचीवरच चढते. आई तीस वर्षं चढली, एका हाताने घमेलं आणि एका हाताने बांबू धरून. त्या तीस वर्षांत तिच्या हातात कोणी थापी दिली नाही, ओळंबा दिला नाही. तिने कालवलेल्या मालावर गवंड्याला तिच्या दुप्पट मिळत होते. तुमच्या दोन जागांपैकी एक मी माझ्या बहिणीसाठी मागतेय, आणि हेल्परची नाही.

आरसीसी खारघर:

कारपेंटरला विचारून उद्या सांगतो.

तुर्भे स्टोअर:

सकाळी सांगा. साडेसातला ती नाक्यावर जाते.