कोरोचे गोल ‘सोपे’ का दिसायचे

कोरो म्हणजे स्पॅनिश फुटबॉलपटू फेरान कोरोमिनास. कुणीतरी म्हटलंय की तो उतारवयात एफसी गोवा क्लबकडे आला आणि त्याला सोपे गोल मिळाले. हे पटत नाही.

आधी एस्पान्योल या स्पॅनिश क्लबमधला काळ बघा. २००६च्या कोपा देल रे या स्पेनमधल्या चषक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात सारागोसाला ४-१ हरवताना एक गोल त्याचा होता. पुढच्याच महिन्यात, लीगच्या शेवटच्या दिवशी, रेआल सोसिएदादविरुद्ध ९१व्या मिनिटाला त्याने गोल केला आणि क्लब दुसऱ्या श्रेणीत जाता जाता वाचला. तिथे तो बहुतेकदा कडेने किंवा मुख्य स्ट्रायकरच्या मागे खेळायचा.

एफसी गोवात प्रशिक्षक लोबेरांनी त्याला थेट पुढे ठेवलं आणि कडेने खेळतानाची सवय इथे कामी आली. तो बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेआड उभा राहायचा. जाहू किंवा ब्रँडन या मधल्या फळीतल्या खेळाडूंनी पाससाठी मान वर केली की सरळ न पळता आधी बचावफळीला समांतर, मग वळण घेऊन आत. सरळ पळणारा खेळाडू, पास अर्धा सेकंद जरी उशिरा आला तरी, बचावफळीच्या पुढे निघून ऑफसाइड होतो. समांतर धावणाऱ्याला तेवढी सवड मिळते. शेवटचा फटका बहुधा एका स्पर्शात, म्हणून सोपा वाटतो.

इंडियन सुपर लीगमधले त्याचे गोल: पहिल्या मोसमात १८, मग १६, मग १४. एकूण ५७ सामन्यांत ४८ गोल, दोनदा गोल्डन बूट, म्हणजे मोसमात सर्वाधिक गोलांचा पुरस्कार. २०१७मध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यात बंगळुरू आणि केरळविरुद्ध लागोपाठ हॅटट्रिक. २०१९च्या सुपर कपच्या अंतिम सामन्यातही त्याचा गोल आहेच.