चुलते पॅरामधले (पॅराशूटनं उडी मारणारे फौजी), मालदीवची उडी रद्द झालेली. त्यांना कसं बोलतं करू?

होटगी_रोड:
नमस्कार मंडळी, माझे चुलते आग्र्याच्या 50 पॅरा ब्रिगेडमध्ये होते, आता सोलापुरात सात रस्त्याजवळ आमच्याकडंच राहतात. 3 नोव्हेंबर 1988 ला मालदीवला गेलेल्यांत ते होते. लुथुफी नावाच्या मालदीवच्याच व्यापाऱ्यानं श्रीलंकेतनं भाडोत्री माणसं आणून राजधानी माले घेतलेलं, राष्ट्राध्यक्ष गयूमनी मदत मागितली आणि त्याच रात्री आपली आयएल-76 विमानं आग्र्याहून न थांबता 2000 किलोमीटरच्या वर जाऊन मालेशेजारच्या हुलुले या विमानतळाच्या बेटावर उतरली. विमानतळ बंडखोरांच्या हातात असला तर उडी मारून घ्यायचा असं ठरलेलं, पण धावपट्टी मोकळी निघाली, उडी रद्द. परवा गड्ड्याच्या जत्रेत एकानं विचारलं, युद्धात उडी मारली का ओ? काका नाही एवढंच म्हणाले आणि दिवसभर गप्प. मला लई वाईट वाटलं. काय विचारू त्यांना?

मोहोळचा_फौजी:
दादा, मी 2 पॅराचा, आमची पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची, 11 डिसेंबर 1971 ला बांगलादेशच्या लढाईत टांगाईलला उडी मारून पुंगली पूल घेतला ती. मी नंतरचा, मला लढाईतली उडी मिळाली नाही, पण आग्र्याजवळच्या मालपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर, म्हणजे उड्यांच्या मैदानावर, वाऱ्यामुळं रद्द झालेल्या उड्या लक्षात आहेत. पाठीवर मेन पॅराशूट, छातीवर रिझर्व्ह, पट्ट्यांनी मांड्या आवळलेल्या, हुक केबलला लावलेला, दारातनं वारा तोंडावर आणि नजर त्या लाल बत्तीवर, हिरवी झाली की जायचं एवढंच डोक्यात, आणि तेवढ्यात हुक काढा, बसा. बसल्यावर पाय थरथरतात बघा, मारल्यावर कधी थरथरले नाहीत. आणि हुलुले म्हणजे केवढंसं बेट, चारी बाजूनी समुद्र, त्यात रात्र, अंगावर एवढं ओझं, जरा चुकलं की पाण्यात. हे ठाऊक असून काका विमानात चढले होते. उडीचं विचारू नका, शेजारी कोण बसलेलं ते विचारा.

अक्कलकोटची_लेक:
माझे बाबा पण पॅराचे. समोर बसवून विचारलं की बंद व्हायचे, शेंगा फोडताना मात्र आपणहून बोलायचे. हाताला काम द्या काकांच्या.

होटगी_रोड:
ताई, फौजीदादा, काल रात्री गच्चीवर शेंगांची पाटी घेऊन बसलो आणि दादांनी सांगितलं तेच विचारलं. शेजारी एक गढवाली होता म्हणे, एकमेकांचे पट्टे तपासून झाल्यावर पण त्यानं काकांच्या खांद्यावरचा पट्टा सोडलाच नाही, पार उतरेपर्यंत. कसा धरलेला ते माझा शर्ट मुठीत धरून दाखवलं, कापड चुरगळलं इतका घट्ट. विमान खाली यायला लागलं तसे काका उडीतल्यासारखे गुडघे जोडून बसलेले, आणि चाकं टेकली. मागचा रॅम्प उघडला, खारट दमट वारा आत आला, मग सगळे अंधारात पळत सुटले. 'गढवाली आमच्या सोलापूरला येऊन गेला की एकदा, तू तेव्हा झोळीत होतास,' असं म्हणाले. एक वाजला बोलता बोलता. फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं, कर म्हणाले, पण आधी त्याचा पत्ता शोध.