समुद्रातल्या पवनचक्क्या: दाट लावाव्यात की विरळ?

उधाण (धागाकर्ता):
समुद्रातल्या पवनऊर्जा प्रकल्पाचा विषय निघाला की सगळे पात्यांची लांबी आणि मेगावॉट यांवरच बोलतात. माझ्या मते खरं नुकसान त्याआधी, नकाशावरच ठरतं. मिळालेल्या क्षेत्रात बसतील तेवढ्या टर्बाइन कोंबल्या जातात. पुढच्या टर्बाइनने ऊर्जा काढून घेतली की मागे मंदावलेला, घुसळलेला वारा उरतो. त्याला वेक म्हणतात. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते, त्यामुळे वेग १० टक्के घटला की शक्ती २७ टक्क्यांनी घटते. त्यात समुद्रावरच्या हवेत खळबळ कमी, म्हणून वेक लवकर भरूनही येत नाही.

स्वीडनचा लिलग्रुंड हा समुद्रातला पवनऊर्जा प्रकल्प बघा. तिथे ४८ टर्बाइन आहेत आणि त्यांच्यातलं अंतर रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांच्या चक्राच्या, व्यासाच्या ३.३ ते ४.३ पट. वेकच्या नुकसानीचं उदाहरण म्हणून आजही तेच दिलं जातं. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह १ मध्ये २००२ साली ८० टर्बाइन सात व्यासांवर लावल्या. त्याखाली कुणी जाऊच नये.

नांगर:
साफ असहमत. घनाचा हिशोब टर्बाइन पूर्ण क्षमतेला पोचेपर्यंतच चालतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण ११ ते १३ मीटर झाला की ती तिथे पोचते. वारा त्याहून बराच जोरात असेल तर मागच्या रांगाही पूर्ण वीज देतात. म्हणजे जिथे वारा दांडगा, तिथे दाट मांडणी परवडते.

आणि सात व्यास म्हणजे किती, तेही बघा. वेस्टास कंपनीच्या १५ मेगावॉटच्या टर्बाइनचा रोटर २३६ मीटरचा आहे. सात पट केले की दीड किलोमीटरच्या वर जातं. प्रत्येक दोन टर्बाइनमध्ये तेवढी केबल तळात गाडायची. पाणी फार खोल नाही, जहाजांची वाट नाही, पक्ष्यांची नाही, असा समुद्र मुळात थोडा असतो. तो मोकळा ठेवणं ही उधळपट्टी आहे.

उधाण:
मागच्या टर्बाइनच्या पात्यांना त्या घुसळलेल्या वाऱ्याचे धक्के वर्षानुवर्षं बसतात, ते तुमच्या हिशोबात कुठे आहेत? आणि हा धंदा स्वतःच या बाबतीत फसलाय. २०१९ मध्ये ऑर्स्टेडसारख्या मोठ्या कंपनीला वेक आणि ब्लॉकेजचा (टर्बाइनच्या समूहापुढेच वारा अडून मंदावण्याचा) अंदाज कमी धरला गेल्याचं सांगून वीजउत्पादनाचे आकडे खाली आणावे लागले.

तळठाव:
दोघंही कोऱ्या कागदावर ठिपके मांडताय. तळाशी काय आहे त्यावर पाया ठरतो. कुठे घट्ट वाळू, कुठे मऊ चिखल, कुठे असा धोंडा की मोनोपाइल, म्हणजे पायाचा जाड पोलादी नळा, ठोकताच येत नाही. जागोजागी शंकू दाबून मातीचा कस पाहिल्याशिवाय अंतरावर वाद घालण्यात अर्थ नाही. नेदरलँड्समध्ये सरकार निविदेआधी तळाची आणि वाऱ्याची पाहणी करून माहिती सगळ्यांना खुली करतं. मला तीच रीत योग्य वाटते.

लिलग्रुंडबद्दलही एक सांगतो. तिथली मांडणी आधी लहान यंत्रं धरून आखली होती आणि बसवली मोठी. परवानगीत जागा आधी गोठवल्या की असंच होणार. ब्रिटनमध्ये कमाल उंची, कमाल संख्या अशी चौकट मंजूर होते आणि नेमकं यंत्र नंतर ठरतं. ते शहाणपणाचं आहे.

जाळं:
शहाणपण कुणासाठी? चौकट मंजूर करताना मच्छीमारांना कळतच नाही की रांगा कुठून जाणार. होडी जाळं ओढत वळवायला जागा लागते, आणि सरळ वाट लागते. अमेरिकेत न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यापुढे २०१९ मध्ये कंपन्यांनी टर्बाइनची एकसारखी, एक सागरी मैल अंतराची चौकोनी मांडणी सुचवली, ती वेकसाठी नाही, जहाजं आणि होड्यांसाठी. १.८५ किलोमीटर!

नांगर:
अगदी सरळ रांगांमध्ये वारा रांगेच्या दिशेने आला की वेक थेट मागच्या टर्बाइनवर आदळतो. तुमच्या होडीची वाट आणि उधाण यांची वीज एकमेकांच्या विरोधात जातात, हे आधी मान्य करा.

जाळं:
जातात, मान्य. मग थोडी वीज कमी मिळू दे. समुद्र आधी आमच्या कामाचा होता.